गोषवारा आणि सारांश

संशोधनपर लेखाच्या शिरोभागी दिला जाणारा गोषवारा आणि त्या लेखाचा सारांश यांत आपल्याकडे सहसा भेद केला जात नाही. हा केवळ शब्दांचा घोटाळा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्यामुळे लेखाचे प्रतिपाद्यच झाकले जाते, असे आम्हांस वाटते.

सुरतेच्या मानवधर्मसभेचे उदाहरण घ्यावे. दुर्गाराम मेहताजी, दादोबा पांडुरंग प्रभृतींनी ती २२ जून १८४४ रोजी स्थापिली. १८४६ मध्ये दादोबांनी व १८५२ मध्ये दुर्गारामांनी सुरत सोडली. सभेचे कार्य फार काळ टिकले नाही. हा सर्व वृत्तांत लेखातील क्रमाने व प्रमाणाने थोडक्यात सांगणे म्हणजे सारांश होय. तो मूळ लेखाच्या जागी वाचता येतो. दादोबांनी १८३६ च्या आपल्या व्याकरणानंतर शाळांसाठी लघुव्याकरण रचले, तेही याच जातीचे: विद्यार्थ्याचे काम मोठ्या ग्रंथावाचून भागावे, ही त्यामागील दृष्टी.

गोषवारा हा शब्द मुळी हिशेबातला. त्यात प्रत्येक नोंद नसते, बेरीज असते. १८४९ च्या सुमारास मुंबईत उदयास आलेल्या परमहंस सभेचे मूळ सुरतेत शोधावे काय, हा प्रश्न. दादोबांचे मराठी आत्मचरित्र व महीपतराम रूपराम यांचे गुजराती दुर्गारामचरित्र ही साधने. आणि ती ताडून निघालेला निर्णय, एवढे त्यात आले की पुरे. शास्त्रग्रंथांतील अनुबंधचतुष्टय विषय, प्रयोजन, अधिकारी व संबंध आरंभीच सांगते. गोषवाऱ्याने त्यात निर्णयाची भर घालावयाची असते.

नेमका हा निर्णयच पुष्कळदा गाळला जातो. ‘प्रस्तुत लेखात अमुक विषयाची चर्चा केली आहे’ या वाक्याने वाचकास अनुक्रमणिकेहून अधिक काय मिळाले? या विषयाची साधने दोन भाषांत विभागलेली आहेत. मराठी न वाचणाऱ्या सुरतेच्या अभ्यासकास भाषांतरित गोषवारा हेच आपल्या लेखाचे एकमेव दार असते. तेथे निर्णय नसेल तर त्याच्या लेखी आपले संशोधन झालेच नाही.

म्हणून अध्यापकांनी प्रबंधलेखकाकडून प्रथम एका वाक्यात निष्कर्ष लिहवून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. तो लिहिता येत नसेल, तर उणीव गोषवाऱ्यात नसून संशोधनात आहे, हे वेळीच उमगेल.