पुनःपाहणीचे आकडे आणि अल्पभूधारकांचे पोषण

अल्पभूधारकाच्या शेतीचा त्याच्या आरोग्याशी संबंध कोणता, हा प्रश्न एकदाच केलेल्या पाहणीने सुटत नाही. ज्या घरी उत्पन्न अधिक, त्या घरी जमीन आणि शिक्षणही बहुधा अधिक असते. मग प्रकृती सुधारली ती नेमकी कशामुळे, हे सांगणे दुष्कर होते. त्याच कुटुंबांची पुनःपुन्हा पाहणी करून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली, तर न बदलणारे भेद हिशेबातून वगळले जातात. पॅनेल पद्धतीचे सामर्थ्य यातच आहे.

पटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेने १९७५ मध्ये सोलापूर, अकोला व महबूबनगर या जिल्ह्यांतील सहा गावी अशी पाहणी आरंभिली. प्रत्येक गावी ४० कुटुंबे निवडली होती. त्यांपैकी १० भूमिहीन मजुरांची, उरलेली लहानमोठ्या शेतकऱ्यांची. या सामग्रीच्या आधारे बेहरमन व देवळालीकर यांनी १९८७ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, उत्पन्नाबरोबर अन्नावरील खर्च वाढतो, पोषकद्रव्ये मात्र फारशी वाढत नाहीत. वाढीव पैसा अन्नाच्या इतर गुणांकडे वळतो.

निष्कर्ष महत्त्वाचा खरा. परंतु त्याची मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. आहाराची माहिती आदल्या दिवशी काय खाल्ले, हे विचारून मिळविलेली आहे. ‘एक भाकरी’ हा शब्द सर्व घरी एकच असला, तरी भाकरी घरोघरी निराळी असते. हा भेद कायमचा असेल, तर वजाबाकीत तो नाहीसा होतो. एकादशी, पाहुणा आणि विस्मरण यांमुळे घडणारा फरक मात्र नाहीसा होत नाही. उलट त्याचा वाटा वाढतो. शिवाय, आहाराची ही पाहणी १९७६ ते १९७८ एवढ्याच अवधीतील. कायमचे उत्पन्न वगळल्यावर मागे उरतो तो पावसाबरोबर होणारा चढउतार. त्याचा ताटावर परिणाम दिसत नाही, एवढ्यावरून चिरस्थायी सुबत्ताही निष्फळ ठरेल, असे अनुमान काढता येत नाही.

देवळालीकरांच्याच १९८८ च्या निबंधात रोजच्या उष्मांकांचा मजुरीशी व शेतीच्या उत्पादनाशी संबंध आढळत नाही, उंचीच्या मानाने असलेल्या वजनाचा मात्र आढळतो. दीर्घकाळ साचत जाणारे पोषण देहात दिसते. एका दिवसाच्या जबानीत ते उतरेलच असे नाही. म्हणून शेतीसुधारणेचे मूल्यमापन करताना आकड्यांच्या वजाबाकीपूर्वी, कोणता प्रश्न विचारला गेला आणि उत्तराचा अर्थ काय, याची चिकित्सा झाली पाहिजे. अन्यथा पद्धतीची मर्यादा हीच शेतकऱ्याची प्रवृत्ती समजली जाईल, आणि उत्पन्नवाढीच्या योजनांवर विनाकारण अविश्वास निर्माण होईल.