जामखेडचा धडा कसा वाचावा?

डॉक्टर न होता आरोग्याच्या क्षेत्रात काम करता येते का, असे बारावीची मुले शिक्षकांना विचारतात. उत्तर आहे: येते, आणि त्यासाठी विद्यापीठांत रीतसर शिक्षणही मिळते. ‘सार्वजनिक आरोग्य’ किंवा ‘जागतिक आरोग्य’ अशा नावांनी हे अभ्यासक्रम चालतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तर हा विषय समाजशास्त्राच्या अंगानेच शिकवला जातो. रोग कोणत्या जंतूने होतो हे जीवशास्त्र सांगते. तो किती जणांना होतो हे संख्याशास्त्र सांगते. पण तो अमुक वस्तीत जास्त आणि तमुक वस्तीत कमी का, हे समजायला जात, पाणी, जमीन, मजुरी आणि घरातले बाईचे स्थान यांच्याकडे पाहावे लागते. या तिन्ही शास्त्रांची सांगड घालणे हा या शिक्षणाचा गाभा आहे.

गंमत अशी, की जगभर या विषयात ज्या गावाचे उदाहरण दिले जाते ते आपल्याच राज्यात आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिवच्या हद्दीलगत जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका आहे. तिथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. त्याची हकिकत त्या दोघांनीच इंग्रजीत लिहिलेल्या ‘जामखेड’ या पुस्तकात आहे. ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. पुस्तक मात्र अजून वाचले जाते. ज्या शिक्षकांना आपल्या विद्यार्थ्यांना या वाटेची ओळख करून द्यायची आहे, त्यांनी ते वाचावे असे आम्हांला वाटते. मात्र ते कसे वाचावे, याबद्दल थोडे बोलायला हवे.

पुस्तकाची सुरुवात एका साध्या निरीक्षणातून होते. वेल्लोरला डॉक्टर होऊन हे दोघे याच जिल्ह्यातल्या वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करू लागले. येणाऱ्या रोग्यांपैकी बहुतेकांचे आजार टाळता येण्याजोगे होते. जुलाब, गोवर, धनुर्वात, कुपोषण. बरे होऊन गेलेले मूल त्याच घरात, त्याच पाण्याकडे परत जाई आणि पुन्हा आजारी पडे. औषधाच्या बाटलीने हा फेरा तुटत नव्हता. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि त्यांनी जामखेड निवडले.

विद्यापीठात शिकलेली योजना गावात आल्यावर कशी बदलली, हा आम्हांला पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत राहतील आणि आरोग्याचे काम करतील अशी मूळ कल्पना होती. ती चालली नाही. शहरात शिकलेल्या मुलींना परक्या गावात एकटे राहणे जड जाई, आणि गावालाही त्या परक्याच वाटत. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्यांना वजन करणे, जुलाबावर घरगुती मीठ-साखरेचे पाणी देणे, गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, कुष्ठरोगाची ओळख असे सारे शिकवले गेले. शिकायला जामखेडला आल्या की वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवत आणि एकत्र राहत. आरोग्याच्या प्रशिक्षणात पंगतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण जी बाई उद्या प्रत्येक घरात जाऊन तान्हे मूल हातात घेणार, तिच्या हातचे पाणी चालत नसेल तर तिचे ज्ञान उंबऱ्याबाहेरच राहील.

दुसरे उदाहरण हातपंपाचे. १९७२ च्या दुष्काळात पाणी हाच पहिला प्रश्न होता. विंधनविहिरी घेतल्या गेल्या आणि हातपंप दलित वस्तीत बसवण्याची दक्षता घेतली गेली. पाणी हवे असेल तर बाकीच्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. एरवी उलटे घडते. पंप पाटलाच्या वाड्याजवळ लागतो, आणि ज्यांची मुले जुलाबाने सर्वांत जास्त दगावतात त्यांच्या वाट्याला पाणी उरत नाही. शुद्ध पाण्याने रोगराई कमी होते हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच. ते पाणी कोणाच्या दारात येते, हा प्रश्न मात्र आपण नागरिकशास्त्राकडे ढकलतो, आणि तिथेही तो क्वचितच विचारला जातो.

आता पुस्तकाच्या उण्या बाजूकडे वळू. प्रकल्पाच्या यशाचा जो आकडा सगळीकडे दिला जातो तो अर्भकमृत्युदराचा. जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे एक वर्ष पुरे होण्याआधी किती दगावतात, तो हा दर. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तो १९७१ साली १७६ होता आणि नव्वदच्या दशकात पंचविशीच्या आसपास आला. उतार मोठा आहे. पण शास्त्राचे विद्यार्थी म्हणून आपण तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न: त्याच काळात इतरत्र काय झाले? सरकारी नमुना नोंदणीनुसार देशाचा अर्भकमृत्युदर १९७१ साली १२९ होता, १९९३ साली तो ७४ झाला. म्हणजे प्रकल्प नसता तरी जामखेडचा दर काही प्रमाणात उतरलाच असता. रस्ते आले, लसी आल्या, शाळा आल्या. यातले प्रकल्पाचे श्रेय किती, हे नुसत्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी शेजारच्याच, पण प्रकल्प नसलेल्या गावांशी तुलना हवी.

दुसरा प्रश्न: नोंदी कोणी ठेवल्या, आणि गावे कशी निवडली? नोंदी प्रकल्पानेच ठेवल्या. कामही बहुधा अशाच गावांत झाले, ज्यांनी ते मागितले. असे गाव मुळातच थोडे जागे असण्याचा संभव असतो.

तिसरा प्रश्न: ही गोष्ट कोण सांगत आहे? आरोग्यसेविकांच्या कहाण्या पुस्तकात आहेत आणि त्या मनाला भिडतात. पण त्या आपल्यापर्यंत लेखकांच्या शब्दांतून येतात. मधेच काम सोडलेली बाई, विरोध करणारा शेतकरी, ज्या गावात काम रुजले नाही ते गाव, यांनी आपली बाजू स्वतः मांडली असती तर चित्र अधिक पुरे झाले असते. संस्थापकांनी लिहिलेल्या पुस्तकाची ही मर्यादा असतेच. वाचकाने ती ध्यानात ठेवावी.

यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढे मिळाले. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रकल्पाची गावे आणि त्याच भागातली प्रकल्प नसलेली गावे घेऊन, स्त्रियांना त्यांच्या बाळंतपणांचा आणि मुलांचा इतिहास विचारला होता. पहिला महिना उलटल्यानंतर ते पाच वर्षांपर्यंतच्या वयात मूल दगावण्याची जोखीम प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. हा मधला अंदाज. संख्याशास्त्रानुसार खरा फरक ६ ते ४८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र ठळक फरक सापडला नाही.

हा निकाल वाचून कोणी निराश होईल. आमच्या मते, उलट इथेच पुस्तकाची किंमत वाढते. १७६ वरून पंचवीस हा आकडा डोळे दिपवतो, पण त्यातून शिकायला फारसे मिळत नाही. ३० टक्के हा आकडा लहान आहे, पण तो तपासणीतून टिकून राहिला आहे. शिवाय काय साधले नाही, हेही त्यातून कळते. पहिल्या महिन्यातले मृत्यू बरेचसे कमी वजन, श्वास न लागणे आणि जंतुसंसर्ग यांमुळे होतात. त्यांना वेगळी उपाययोजना लागते. ती गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी करून पाहिली. हे दोघेही जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकलेले. त्यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची, गरज पडल्यास गावच्या आरोग्यसेविकेने प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याची व्यवस्था केली, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. तुलनेची गावे आधीपासून ठेवली तर प्रश्नाचे उत्तर किती स्पष्ट मिळते, हे या दोन कामांकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर दिसते.

मग जामखेडची गोष्ट निव्वळ आकड्यांवर तोलावी का? तसेही नाही. जामखेडचा अनुभव १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात आला, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला गेला त्यात अशा अनुभवांचा वाटा होता. पण पुढच्याच वर्षी ‘निवडक’ प्राथमिक सेवेची कल्पना पुढे आली. मोजके रोग, मोजके स्वस्त उपाय. लस, जलसंजीवनी, वजनाचा तक्ता, स्तनपान. हे सारे उपाय चांगलेच आहेत आणि त्यांनी असंख्य मुले वाचवली. मात्र त्या यादीत हातपंप कोणत्या वस्तीत लावायचा हा प्रश्न बसत नाही, कारण त्याचे पाकीट करून वाटता येत नाही.

आपल्याकडे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आल्या. साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई, ही कल्पना जामखेडसारख्या कामांतूनच आलेली. परंतु जामखेडची बाई निरक्षर असली तरी चाले, आणि तिच्यामागे गावातले महिला मंडळ आणि शेतकरी मंडळ उभे असे. आशाताईला शिक्षणाची अट आहे, आणि तिचा मोबदला बराचसा कामाच्या नगावर ठरतो. बाळंतपणाची नोंद आणि लसीकरण मोजले जाते. वाळीत टाकलेल्या घराला पाणी मिळवून दिले, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? विद्यापीठात जामखेडचा धडा केवळ ‘यशस्वी नमुना’ म्हणून शिकवला, तर असेच होणार. नमुन्याची नक्कल होते आणि मूळचा प्रश्न मागे राहतो.

शिक्षकांना हा विषय वर्गातही आणता येईल. आठवी-नववीच्या मुलांना असे गणित घाला. एका गावात वर्षाला २५ मुले जन्मतात. एक दगावले तर अर्भकमृत्युदर किती? ४०. एकही दगावले नाही तर शून्य, आणि तीन दगावली तर १२०. गाव तेच, माणसे तीच. मग दर इतका का हलतो? आता अशी चाळीस गावे एकत्र घ्या, म्हणजे १००० जन्म. आता एका मृत्यूने दर फक्त एकाने बदलतो. लहान संख्येवरून मोठे निष्कर्ष का काढू नयेत, हे मुले स्वतःच सांगतील.

पुढचे पाऊल म्हणजे गावाचा पाण्याचा नकाशा. नळ, विहिरी, हातपंप आणि वस्त्या कागदावर मांडून प्रत्येक वस्तीपासून पाण्यापर्यंतची पावले मोजावीत. ग्रामपंचायतीकडून नावे वगळून फक्त जन्ममृत्यूंची संख्या घ्यावी. ज्या घरात मूल गेले आहे तिथे मुलांना प्रश्न विचारायला पाठवू नये, हे वेगळे सांगायला नको. नकाशावर मुलांना काय दिसते ते त्यांनाच बोलू द्यावे. कुणाचे घर पाण्यापासून लांब आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. ते वर्गात बोलायची मुभा फक्त त्यांना नसते.

आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि पुस्तकाभोवती आदराचे वलय आहे. तो आदर रास्त आहे. पण ज्या विद्यार्थ्याला पुढे या विषयात शिकायचे आहे, त्याच्या हाती पुस्तक देताना सोबत २०१० चा अभ्यासही द्यावा. एकात गावाची माणसे आहेत, दुसऱ्यात तुलनेची शिस्त. यांपैकी एकच वाचून पदवी मिळेलही. मात्र जामखेडमध्ये काय घडले आणि काय घडायचे राहिले, हे समजायला दोन्ही वाचावे लागेल.