इन्स्क्रिप्ट कळफलक आणि मराठीचा ‘ळ’ : एक चिकित्सा

लेखनसाधनाची चिकित्सा हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रांत नव्हे, असे आपल्याकडे सर्वसाधारणपणे मानले जाते. बोरू, टाक, टंकयंत्र यांविषयी आपण आठवणी लिहितो. चिकित्सा करीत नाही. परंतु महाविद्यालयातील प्रश्नपत्रिका, इतिवृत्ते आणि प्रबंध आज ज्या कळफलकातून जातात, त्याची मराठीच्या अंगाने तपासणी होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात इन्स्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाचा तेवढ्यापुरताच विचार केला आहे.

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने पुढे आणलेला हा आराखडा १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात समाविष्ट झाला. त्याची रचना निःसंशय बुद्धिमान आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. अल्पप्राण नुसत्या कळीने उमटतो; त्याचा महाप्राण त्याच कळीवर शिफ्टसह मिळतो. वर्णमालेचा एवढा मान जुन्या टंकयंत्राने कधीच राखला नव्हता; तेथे अक्षरे मोडूनतोडून, जागा सापडेल तशी बसविलेली होती. शिवाय मराठीसाठी बोटे एकदा बसली की गुजराती वा कन्नड लिपीतही तीच जागा तोच वर्ण देते.

मात्र हाच गुण मराठीच्या वाट्याला दोष होऊन येतो. सर्व भाषांना समान असलेली रचना कोणत्याही एका भाषेतील वर्णांची वारंवारता पाहत नाही. ‘ळ’ हा मराठीचा नित्याचा वर्ण. तो ‘ल’च्या कळीवर शिफ्टखाली दडपला आहे. ‘ण’ व ‘श’ यांचीही तीच गत. याउलट मराठीला क्वचितच लागणाऱ्या नुक्त्याला मात्र शिफ्टविना दाबता येणारी स्वतंत्र जागा आहे! मूळ आराखड्यात ‘ऍ’ आहे, मराठी वळणाचा ‘ॲ’ नाही. युनिकोडमध्येच तो २००८ साली आला. ‘ऱ्य’साठी शिफ्टसह ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असा क्रम आहे. तो ठाऊक नसलेला टंकलेखक साधा ‘र’ वापरतो आणि ‘र्य’ उमटते. एका अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ अशाच ‘दर्या’ झाल्या होत्या. विद्यार्थ्यांनी निमूटपणे समुद्रावर उत्तरे लिहिली.

यावर उपाय म्हणून प्रस्तुत लेखकाने मायक्रोसॉफ्टच्या ‘कीबोर्ड लेआउट क्रिएटर’ या विनामूल्य साधनाने स्वतःचा कळफलक बनविला. नुक्त्याच्या जागी ‘ळ’ आणला, नुक्ता शिफ्टखाली ‘ल’च्या कळीवर पाठविला. एवढाच बदल. महिनाभरात बोटांना तो वळणी पडला आणि लेखनाचा वेग जाणवण्याइतका वाढला. अडचण उभी राहिली ती विभागातील संगणकावर. तेथे नवा कळफलक बसविण्याची अनुमती आमच्यासारख्यांना नसते. सवयीने टंकित केलेल्या अहवालात ‘शाळा’, ‘वेळ’, ‘फळ’ यांतील ‘ळ’च्या जागी केवळ ठिपके उमटले, आणि मुद्रित होईपर्यंत ते कोणाच्याही लक्षात आले नाहीत. अस्मादिकांच्याही नाही.

व्यक्तिगत फेरबदलाची ही मर्यादा गंभीर आहे. कळफलक हा एका अर्थी करार असतो. एकट्याने बदलला की तो उरत नाही. १९३६ साली पेटंट मिळालेली ड्वोरॅक यांची इंग्रजी रचना मूठभर अभ्यासूंपुरती राहिली, त्यामागेही हेच कारण दिसते. दोष दुरुस्त व्हायचा तर तो मानकातच, मराठीसाठी वेगळा उपप्रकार मान्य करून व्हावा लागेल. सर्व भारतीय लिप्यांची एकरूपता त्यामुळे भंगेल, हा आक्षेप खरा आहे; पण ‘ळ’ची एक कळ हलल्याने ती फारशी भंगणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दरम्यान आमचे विद्यार्थी या वादातच नाहीत. ते रोमन अक्षरांत उच्चार टंकित करतात आणि यंत्र सुचवील त्या शब्दांतून एक निवडतात. ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’ याचा पहिला निर्णय आता लिहिणाऱ्याचा राहिलेला नाही. यंदाच्या एका लघुप्रबंधात ‘बाळबोध’ हा शब्द सर्वत्र ‘बालबोध’ असा आढळला. विचारले असता, ‘सर, पहिला पर्याय तोच आला,’ असे उत्तर मिळाले.