सोलापुरी चादरीचं जॅकेट

महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावात, एरवी ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंनी घरच्या पायमशीनवर शिवलेलं हे जॅकेट आधी चार पावलं मागे सरून पाहावं. घाट थेट डेनिम जॅकेटचा: छातीवर आडवं योक, टोकदार झापांचे दोन खिसे आणि झापांखालून कमरेकडे निमुळत्या होत गेलेल्या तिरक्या शिवणी. लिव्हाइसने 1960च्या दशकारंभी रूढ केलेली ही बेतणी. कापड मात्र लाल-काळी सोलापुरी चादर!

अडचण इथूनच सुरू होते. डेनिम एकरंगी, म्हणून त्यावरची नारिंगी दुहेरी शिलाई उठून दिसते; जॅकेटचं सगळं रेखाटन तीच करते. भरगच्च नक्षीत दोरा बुडून जातो. ताईंनी दोऱ्याचा नादच सोडला. या चादरीला दोन्ही अंगांनी नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. सुलट बाजूला लालावर काळं फूल, उलट बाजूला काळ्यावर लाल. तिरक्या शिवणींमधली पाचर त्यांनी मुद्दाम उलट बाजूने लावली आहे. शिवणीची रेघ आता रंगच ओढतो. डेनिमचीही आतली बाजू फिकी असते, कारण निळीत फक्त ताणा रंगवतात, बाणा पांढरा राहतो. पण ती दिसते फार तर बाही दुमडल्यावर. इथे उलट्या बाजूला दर्शनी मान मिळाला आहे, आणि काय शोभतो तो!

बटणपट्टी जवळून पाहा. एक पुढा दुसऱ्यावर चढतो, त्यामुळे फुलं कडेला कड लावून जुळवली तर बटण लावताच सरकतात. ताईंनी ती मध्यरेषेवर जुळवली आहेत. जॅकेट उघडं असताना फूल तुटकं दिसतं, बटण लावलं की पुरं होतं. काजांमधलं अंतरही टेपने ठरलेलं नाही, नक्षीने ठरलं आहे. प्रत्येक बटण फुलाच्या गाभ्यात बसतं. असली मोजणी डोळ्यांत असावी लागते.

खिसे बरे आहेत. झापांची टोकं आणखी धारदार चालली असती.

खरी कसोटी मुंढ्याची. योक, पुढा आणि बाही जिथे भेटतात तिथे जाड चादरीचे थर साचतात आणि घरगुती मशीन अडून बसतं. आतून पाहिलं तर माया पायरीपायरीने कातरलेली, योकचं अस्तर जुन्या सुती साडीचं, म्हणजे एक जाड थर वाचलाच. बाही कुठेही चुणी न पडता गोल बसली आहे. ब्लाउजवर फिरलेला हात इथे ओळखू येतो. तयार जॅकेटात इतका नेटका मुंढा क्वचित मिळतो.

कुणाला शिवावंसं वाटलं तर चादर आधी धुऊन, आटवून घ्या आणि 16 नंबरची सुई लावा. मात्र हे काम पावसाळ्यात काढू नका. महाडकडच्या पावसात जाड चादर लवकर वाळत नाही.