देवाचे शेत आणि माणसांचे कुंपण

दफनभूमी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर होकारार्थी आहे. कबरीवरील मजकूर म्हणजे सामान्य माणसाविषयी बहुधा शेवटचे, आणि कित्येकदा एकमेव, टिकाऊ लेखन असते. त्यात काय कोरले, काय वगळले, कोणाला कोणाशेजारी ठेवले, यावरून एखादा समाज मरणाविषयी आणि पर्यायाने जगण्याविषयी काय मानतो, हे वाचता येते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील सेलम येथील मोरेव्हियन दफनभूमी आम्ही ईस्टरच्या आदल्या शनिवारी पाहिली, ती अशा वाचनाच्या हेतूने.

मोरेव्हियन हा प्रॉटेस्टंट परंपरेतील एक जुना पंथ. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने पाखंडी ठरवल्यानंतर यान हुस यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या अनुयायांतून १४५७ साली बोहेमियात एक बंधुमंडळ उभे राहिले. पुढे छळामुळे विखुरलेल्या या मंडळींना १७२२ साली सॅक्सनीत काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्या जमिनीवर आश्रय मिळाला आणि हेर्नहुट गाव वसले. तेथून ते अमेरिकेत गेले. १७६६ साली त्यांनी सेलम वसवले आणि १७७१ साली येथे पहिले दफन झाले.

या भूमीला ते ‘देवाचे शेत’ या अर्थाच्या जर्मन नावाने ओळखत. शेतीवाडीत वाढलेल्या आमच्या वाचकांना त्या नावाचा अर्थ उलगडून सांगायला नको. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात संत पौलाने देहाची तुलना पेरलेल्या बीजाशी केली आहे. मोरेव्हियनांनी ती उपमा जमिनीवर उतरवली. वाफ्यांसारखे चौकोन, त्यांत सरळ ओळी, आणि प्रत्येक कबरीवर जमिनीशी समांतर ठेवलेला पांढरा, ठरावीक मापाचा दगड. त्यावर नाव, जन्म, मृत्यू आणि क्वचित एखादे वचन. येथे सात हजारांच्या आसपास कबरी आहेत. पण सधन कारखानदार कोणता आणि त्याच्याकडचा मजूर कोणता, हे दगडांवरून ओळखता येत नाही.

कबरींची मांडणी कुटुंबाप्रमाणे नाही. विवाहित पुरुष व विधुर, विवाहित स्त्रिया व विधवा, अविवाहित पुरुष व मुलगे, अविवाहित स्त्रिया व मुली असे वेगळे चौकोन आहेत. या गटांना ते ‘क्वायर’ म्हणत, पण त्याचा गायनवृंदाशी संबंध नाही. चौकोनातील जागा मृत्यूच्या क्रमाने मिळते. त्यामुळे पती एका बाजूला आणि पत्नी दुसऱ्या बाजूला, असे चित्र दिसते. आम्हांला ते प्रथम खटकले. आईवडिलांच्या कबरीवर एकत्र मेणबत्ती लावण्याची सवय असलेल्या मनाला ते कठोर वाटणारच. तथापि शनिवारी तेथे जे पाहिले, त्याने हा आक्षेप पुष्कळसा निवळला. कुटुंबेच्या कुटुंबे बादल्या आणि ब्रश घेऊन आली होती. मुले वडिलांचा दगड घासत होती, फुले ठेवत होती, मग दुसऱ्या चौकोनात जाऊन आईचा दगड घासत होती. मांडणीने दूर केलेल्यांना ती पावले जोडत होती.

दगड इतके अबोल असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते मोरेव्हियनांचे खरे वाङ्मयीन योगदान तेथेच आहे. प्रत्येक सभासदाने आपली जीवनकथा स्वतः लिहावी किंवा सांगून लिहून घ्यावी, आणि अंत्यविधीच्या वेळी ती मंडळीपुढे वाचावी, अशी प्रथा त्यांच्यात अठराव्या शतकात रुजली. अशा हजारो जीवनकथा त्यांच्या अभिलेखागारांत जतन केलेल्या आहेत. पुष्कळ कथांत ‘मी’ बोलत असतो आणि अखेरीस एका ठिकाणी लेखणी दुसऱ्याच्या हाती जाते. आजारपण, शेवटचे शब्द, ‘घरी जाणे’ हे सारे तृतीय पुरुषात येते. ‘मी’चा ‘तो’ होतो त्या ओळीत मृत्यू घडतो. एवढ्या साध्या व्याकरणातून एवढा परिणाम साधणारे मृत्युलेखन आमच्या वाचनात फारसे नाही. पापाची कबुली आणि कृपेचा अनुभव यांचा ठरलेला साचा त्यात आहे, आणि तो कधी कधी कंटाळवाणाही होतो, हे मान्य करायला हवे. परंतु चांभार, दाई, विधवा यांनाही स्वतःचे चरित्र सांगण्याचा अधिकार या साच्याने दिला.

येथवर गुणगान झाले. आता त्रुटीकडे वळले पाहिजे, कारण ती किरकोळ नाही. सेलमची मंडळी गुलाम बाळगीत असे. आरंभी बाप्तिस्मा घेतलेले कृष्णवर्णीय गौरवर्णीयांसोबत उपासनेला बसत आणि याच भूमीत पुरले जात. कुंभारकाम जाणणारा पीटर ऑलिव्हर हा १८०० साली गुलामगिरीतून मुक्त झाला. १८१० साली तो मरण पावला, तेव्हा त्याला येथेच जागा मिळाली. पण १८१६ साली मंडळीने ठरवले, की यापुढे कृष्णवर्णीयांचे दफन वेगळ्या जागी व्हावे. त्यानंतर त्यांच्यासाठी उपासनामंदिरही वेगळे झाले. त्याच चर्च स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला सेंट फिलिप्सचे १८६१ सालचे विटांचे मंदिर आजही उभे आहे. २१ मे १८६५ रोजी तेथेच गुलामांना मुक्तीची वार्ता सांगण्यात आली.

हे समजल्यावर पांढऱ्या दगडांच्या ओळी पुन्हा पाहिल्या, आणि पहिले वाचन अपुरे ठरले. सर्व दगड सारखे आहेत हे खरे; पण १८१६ नंतर ज्यांच्यामुळे त्या समतेची कसोटी लागली असती, त्यांना कुंपणाबाहेर ठेवून ते सारखेपण टिकवले गेले. दोष दगडाच्या आकारात नाही. त्या आकाराचा अर्थ ज्यांनी जपायचा, त्यांनीच तो आखडून घेतला. कोणतीही रचना वाचताना तिच्यात कोण नाही, हे विचारणे समीक्षकाचे कर्तव्य असते. दफनभूमीच्या बाबतीत तो प्रश्न अधिकच तातडीचा आहे, कारण वगळलेला माणूस येथे स्वतः तक्रार करू शकत नाही.

या मंडळींच्या दक्षिण प्रांताने २००६ साली गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल क्षमायाचना केली. आम्हां कॅथलिकांना हे दुरून पाहून चालणार नाही. डिसेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी यान हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला होता. ज्यांचे पूर्वज आपल्या पूर्वजांनी छळले, त्यांनीही पुढे दुसऱ्यांना दूर लोटले. दोन्ही ख्रिस्तसभांना कबुली द्यावी लागली.

ईस्टरच्या पहाटे आम्ही पुन्हा तेथे गेलो. १७३२ साली हेर्नहुटच्या तरुण बांधवांनी पहाटे टेकडीवरील दफनभूमीत जाऊन पुनरुत्थानाची उपासना केली, तिचीच ही परंपरा. सेलममध्ये ती १७७२ पासून आहे. मंदिरासमोर प्रभू उठल्याची घोषणा झाली आणि जनसमुदाय मुकाट्याने दफनभूमीकडे चालू लागला. पितळी वाद्यांचे ताफे वेगवेगळ्या दिशांनी एकमेकांना उत्तरे देत होते. गेल्या ईस्टरपासून निवर्तलेल्यांचे स्मरण झाले. आपण ज्याला संतांचा समागम म्हणतो, त्याचा अर्थ तेथे प्रवचनाशिवाय कळला.

दोन नोव्हेंबरला आपण आपल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत जातो, आपल्या माणसांच्या कबरी सजवतो आणि परततो. यंदा घरी परतण्यापूर्वी थोडे थांबून आपलीही दफनभूमी वाचून पाहावी, असे आम्ही सुचवू इच्छितो. मोठा संगमरवर कोणाचा, फुलाविना राहिलेली कबर कोणाची, आणि कोपऱ्यात कोणाला जागा मिळाली? एखादी मेणबत्ती उरली असेल, तर ती त्या कोपऱ्यात लावावी.