दिवा लागला, हिशेब राहिला

शालेय विज्ञान प्रदर्शनांत सौर रात्रदिवा हमखास असतो. छोटे पॅनेल, दोन पुनर्भारित घट, पांढरा एलईडी आणि पुठ्ठ्याचे घर. पॅनेलवर हात धरला की दिवा लागतो आणि परीक्षक पुढे जातात. हा दिवा रात्रभर टिकेल का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आमचा आक्षेप तेथेच आहे.

पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. नुकत्याच भारित केलेल्या निकेल घटाचे विभवांतर १.४ व्होल्टपर्यंत असते, म्हणून दोन घटांवर दुपारी दिवा लागतो. थोड्याच वेळात ते १.२ व्होल्टवर स्थिरावते, बेरीज २.४ होते आणि संध्याकाळी दिवा मिणमिणतो. प्रदर्शन तोवर संपलेले असते!

तीन घट घेतले तर ३.६ व्होल्ट मिळतात. ६८ ओहमचा रोध जोडल्यास धारा साधारण ९ मिलिअँपिअर येते. दहा तासांचा खर्च ९० मिलिअँपिअर-तास. ६ व्होल्टचे, ६० मिलिअँपिअरचे पॅनेल चार तासांच्या पूर्ण उन्हात २४० देते. भारण करताना होणारी घट धरून सुमारे १७० हाती राहतात. पॅनेल व घट यांमध्ये डायोड हवाच, नाहीतर रात्री घटातील धारा पॅनेलमधून उलटी वाहू लागते.

आता हाच दिवा भिवंडीच्या टेमघरमध्ये जुलैत ठेवून पाहू. ढगांमुळे दिवसभरात पूर्ण उन्हाचा एकच तास पदरी पडला असे धरू. मग जमा फक्त ४२, म्हणजे रोजची तूट ४८. घट ६०० मिलिअँपिअर-तासांचा आणि पूर्ण भरलेला असला, तरी सलग बारा दिवस असे गेल्यावर तो रिकामा होईल. कोकणपट्टीतल्या मुलांसमोरचा खरा प्रश्न हा आहे. शिवाय ९ मिलिअँपिअरच्या उजेडात अंथरूण सापडते, अभ्यास होत नाही. वीज गेल्यावर अभ्यासाचा दिवा म्हणून तो मुलांच्या हाती देणे योग्य नव्हे.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईच्या आयआयटीत प्रा. चेतन सिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने हजारो विद्यार्थ्यांनी एकत्र बसून सौर दिवे जोडले. स्वतःच्या हाताने जोडलेला दिवा लागताना पाहण्याचा आनंद मोठा आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण मैदानात दिव्यांची संख्या मोजता येते, वर्गात मात्र समज तपासावी लागते.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. दिव्यासोबत वहीही मागावी. तीत पंधरा दिवस रोज सूर्यास्ताला आणि पहाटे घटांचे विभवांतर मल्टिमीटरने मोजून लिहिलेले असावे, त्या दिवशीच्या आकाशाची नोंदही असावी. ज्याचा दिवा दहाव्या दिवशी विझला आणि का विझला हे ज्याने हिशेबाने दाखवले, त्या विद्यार्थ्याला पहिला क्रमांक देण्यास परीक्षकांनी कचरू नये.