‘ब्रह्मचारी’तील उसने व्रत

आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या व मास्टर विनायकांनी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी १९३८ साली दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ची चर्चा बहुधा मीनाक्षीच्या पोहण्याच्या पोशाखापाशीच थांबते. हा त्या विनोदावर अन्याय होय. त्याच वर्षीच्या हॉवर्ड हॉक्सकृत ‘ब्रिंगिंग अप बेबी’प्रमाणे येथेही पुढाकार नायिकेचाच आहे. मात्र हॉक्सचा नायक जीवाश्मांच्या अभ्यासात मनापासून गढलेला आहे. औदुंबराचे व्रत एका व्याख्यानातून उसने घेतलेले आहे. म्हणून अत्र्यांचा उपहास ब्रह्मचर्यावर नसून, स्वतःस न ओळखता पत्करलेल्या आदर्शावर आहे. गाजलेला तो जलक्रीडेचा प्रसंगही वस्तुतः या उसन्या व्रताची परीक्षाच होय. तो कथेपासून तोडून पाहिला, की उरते केवळ कुतूहल. विनोदाचे मर्म हरपते.